तुरळक ठिकाणी, म्हणजे आमच्याच गच्चीवर

मे महिना. पुण्यातली एक सोसायटी. गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या. चारच्या सुमाराला पश्चिमेकडून एक काळाकभिन्न ढग आला, आडवा, लांबलचक, गादीच्या वळकटीसारखा. झाडून सगळे गच्चीवर धावले.

कुरडया उचलायला? छे. फोटो काढायला!

पाच मिनिटांत ग्रुपवर निदानही झालं. कुणी म्हणे चक्रीवादळ, कुणी म्हणे त्सुनामी. पुण्यात त्सुनामी! समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर! घाट चढताना लाट खंडाळ्याला वड्यासाठी थांबली होती का?

जून २०२५ मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्यावर असाच एक गुंडाळीचा ढग आला, तेव्हा तिथल्या लोकांनाही लाटच आठवली होती. पण त्यांच्यासमोर निदान समुद्र तरी होता.

आमच्या वळकटीला ‘शेल्फ क्लाउड’ म्हणतात. गडगडाटी ढगातून थंड हवा खाली आदळते, जमिनीलगत पसरते आणि पुढची दमट, उष्ण हवा वर ढकलते. त्या धक्काबुक्कीच्या सीमेवर ही वळकटी तयार होते. अर्थ सरळ आहे. वारा आणि पाऊस काही मिनिटांवर आलेत.

पावसाने दारात येऊन बेल वाजवली. आपण बेलचा फोटो काढला.

दुसरा लाडका ढग म्हणजे ‘मॅमॅटस’. गडगडाटी ढगाच्या पसरट माथ्याखाली पिशव्या लोंबताना दिसतात. लोक म्हणतात, प्रलय आला. प्रत्यक्षात थंड, जड हवा खाली उतरत असते, इतकंच. नाव लॅटिनमधल्या कोणत्या अवयवावरून पडलं, ते फॅमिली ग्रुपवर विचारू नका.

तिसरा ‘लेंटिक्युलर’. डोंगराच्या आडोशाला, मसुराच्या दाण्यासारखा. त्याला हमखास उडती तबकडी ठरवतात. हा ढग जागच्या जागी उभा दिसतो, पण वारा त्याच्यातून सुसाट वाहत असतो. सरकारी फाइलीचं नेमकं उलट असतं.

आता अंदाजाकडे वळू. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ हे वाक्य आपण विनोद म्हणून वाचतो. हवामान खात्याच्या लेखी त्याला आकडा आहे. भागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. म्हणजे चारातल्या तिघांच्या डोक्यावर ऊन असणार, हे अंदाजातच लिहिलेलं असतं. आणि ‘अंदाज चुकला’ म्हणून ओरडणारे? तेच तिघे.

अंदाज जिल्ह्याचा असतो, तक्रार गल्लीची. मुंबईतला २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला शंभरही नाही. शहर एकच, महापालिकाही एकच. एकाच्या घरात गळ्याइतकं पाणी, दुसरा छत्री विसरला तरी चाललं असतं.

इशाऱ्यांच्या रंगांचंही तेच. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. आपला तक्ता वेगळा. यलो म्हणजे दुर्लक्ष, ऑरेंज म्हणजे भजी, रेड म्हणजे शाळेला सुट्टी.

आणि ती ढगफुटी! वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ती ढगफुटी. बातम्यांमध्ये मात्र ढग दर आठवड्याला फुटतो. सोयीचा शब्द आहे. नाला तुंबला म्हटलं की नगरसेवकाला फोन जातो. ढग फुटला म्हटलं की जबाबदारी थेट आकाशाची.

आकाशावर अविश्वासाचा ठराव आणता येत नाही.

गंमत बघा. पंचांगात पावसाच्या नक्षत्राचं वाहन बेडूक निघतं, म्हैस निघते, गाढवही निघतं. पाऊस दडी मारतो. पंचांगकर्त्याला कुणी जाब विचारलाय? उपग्रह आणि रडार घेऊन बसलेल्याला मात्र एका सरीची माफी नाही. गाढवावर विश्वास, रडारवर संशय.

तर, आमच्या गच्चीवर पाऊस आलाच. तोही वेळेवर. कुरडयांची पुन्हा पेज झाली. लगेच ग्रुपवर संताप. ‘हवामान खात्याने आधी सांगायला नको?’

सांगितलं होतं. त्याच सकाळी, त्याच ग्रुपवर. मेघगर्जनेसह तुरळक ठिकाणी पाऊस, यलो अलर्ट. वर सरकवत गेलं की सापडतं, चाळीस ढगांच्या पलीकडे, गुलाबाच्या ‘शुभ सकाळ’खाली.

कुरडया कुणाच्या होत्या, विचारता?

आमच्याच. फोटो मात्र झकास आलाय.