आधी लगीन लेथचं

गॅरेज मोटारीसाठी असतं हा समज निदान अमेरिकेतल्या इंडियाना, ओहायो, मिशिगन या कारखानदारी राज्यांत तरी खोटा ठरतो. तिथे निवृत्तीला टेकलेला एक गृहस्थ हमखास भेटतो. त्याच्या गॅरेजात साऊथ बेंड कंपनीचा जुना नऊ इंची लेथ असतो आणि मोटार बाहेर बर्फात असते. ओब्रायन या जुळ्या भावांनी 1906 मध्ये काढलेल्या या कंपनीचे लेथ शाळांच्या वर्कशॉपांतून आणि छोट्या कारखान्यांतून पिढ्यानपिढ्या फिरले आणि पुढे जुन्या बाजारात आले. आपल्या गृहस्थाने त्यातलाच एक घरी आणलेला असतो. कशासाठी, या बायकोच्या प्रश्नावर त्याचं उत्तर तयार : पूल खेळायच्या क्यू दुरुस्त करायच्या, लोकांच्या क्यूंच्या टोकावरच्या टिपा बदलायच्या, टिपेखालच्या फेरूल बसवायच्या, चार पैसे सुटतील. शेजारीपाजारी याला निमित्त म्हणतात. निमित्त ते आहेच, पण ते निवडताना त्याने जी अक्कल वापरली आहे तिचं कौतुक कोणी करत नाही. लेथवर करायला जे काम सगळ्यात गैरसोयीचं, नेमकं तेच त्याने हेरलं आहे. त्यामुळे लेथ सजवणं कधी संपायचं नाही.

क्यूच बघा. लांबी साधारण 58 इंच, मधोमध पेचाने जोडलेले दोन तुकडे. पुढचा शाफ्ट कडक मेपलचा, टोकाशी 13 मिलिमीटर आणि सांध्यापाशी 21च्या आसपास. मागचा बट तळाशी 30च्या पुढे. आणि या लेथच्या स्पिंडलचं आरपार भोक पाऊण इंचाचं, म्हणजे 19 मिलिमीटर! टीप बदलायची तर शाफ्ट मागून सरकवून टोक चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, बाहेर काढता येतं. सांध्याचं काम आलं की दोन मिलिमीटरवर घोडं अडतं. दुसरा कोणी इथे कपाळाला हात लावील. याला मात्र दोन महिन्यांची बेगमी झाल्यासारखं वाटतं. बटचा तळ चकमध्ये आणि सांधा स्टेडी नावाच्या आधारात धरायचा, पण स्टेडीची बोटं लॅकरवर चरे पाडणार. म्हणून स्टेडीत बॉल बेअरिंग, बेअरिंगच्या आत नायलॉनचा बुश, आणि दर जाडीला बुश निराळा. क्यू निमुळती, म्हणून चकचे जबडे तिला एकाच कड्यावर धरतात आणि मागची शेपटी वळवळते. म्हणून स्पिंडलच्या मागच्या तोंडालाही एक छोटा चक. बटावर आयरिश लिननचा दोरा गुंडाळायचा तर फेरे सावकाश हवेत आणि दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून शिलाई मशीनची मोटर आणि पायाखाली पेडल. मोटर आणि बेअरिंगं सोडली तर यातलं जवळजवळ सगळं तो लेथवर स्वतः बनवतो, आणि प्रत्येक वस्तू बनवायला आणखी एक वस्तू आधी बनवावी लागते.

तेलाचं प्रकरण तर याहून रंगतदार आहे. जुना लेथ तेलावर जगतो : बेअरिंगच्या कपांत थेंब सोडायचे, बेडवर तेलाचा हात फिरवायचा. त्यातलं काही बाहेर येणार आणि फिरता चक ते भिरकावणार. कोऱ्या मेपलवर त्यातला एक थेंब पडला की डाग बसला, वर तिथे गोंदही नीट धरत नाही. लाकूडही काही गरीब नाही. सँडपेपर लावला की त्याचा भुसा बेडवरचं तेल पिऊन बसतो आणि सँडपेपरचे सुटे कण त्या चिखलात मिसळून बेड खातात. सासूसुनेला एकाच ओट्यावर स्वयंपाक करायला लावावा तसा हा संसार. मग बेडला आच्छादन, चकला आडोसा, टूलपोस्टशेजारी व्हॅक्यूमची नळी. टीप बदलायला पाव तास आणि आधी झाकायला, नंतर पुसायला अख्खी दुपार.

यावर कोणी म्हणेल की याच कामासाठी खास बनवलेले हलके, सुटसुटीत क्यू-लेथ मिळतात, मग हा आटापिटा कशाला? मिळतात, आणि त्यावर काम उत्तम होतं. पण त्यांच्यात काही बदल करावा लागत नाही, हाच त्याच्या दृष्टीने त्यांचा दोष. दुसरा मुद्दा अचूकतेचा. आपल्या गृहस्थाचं म्हणणं, जड बिडाचा लेथ थरथरत नाही, डायल गेज लावला तर हजारांश इंचाचा फरक दिसतो. खरं आहे. पण मेपलचा शाफ्ट हवेतल्या ओलाव्याने उन्हाळ्या-हिवाळ्यात त्याहून जास्त फुगतो-आकसतो, आणि पिढ्यानपिढ्या क्लबांत चामड्याच्या टिपा पातं, गोंद आणि अंगठा यांवर बसल्या आहेत. अर्थात फेरूलचं तोंड अगदी काटकोनात कापलेलं असलं तर टीप चांगली बसते. हा गुण त्याला द्यायलाच हवा. राहिली कमाई. एका टिपेचे मिळून मिळून किती मिळणार, आणि न्यूयॉर्कच्या जॉर्ज बालाबुश्काच्या हातची जुनी क्यू ज्याच्याकडे आहे तो ती अशा गॅरेजात कशाला आणील? हिशेबाची वही त्याने मात्र ठेवलेली असते. तिच्यात जमेच्या बाजूला टिपा आहेत, खर्चाच्या बाजूला फक्त गोंद आणि सँडपेपर. चक, बेअरिंगं, मोटर ही ‘भांडवली’ म्हणून वहीबाहेर. तेव्हा धंदा कायम नफ्यात.

त्या भागातल्या मराठी मंडळींपैकी कोणाच्या क्यूची टीप उडाली असेल, तर ती त्याच्याकडेच द्यावी. काम चोख होईल आणि पैसे इतके कमी मागेल की द्यायला संकोच वाटेल. फक्त येत्या शनिवारी सामना असेल तर दुसरी क्यू हाताशी ठेवा. तुमची क्यू हातात घेतल्यावर त्याला कळणार आहे की नेमक्या या जाडीचा बुश आपल्याकडे नाही.