बॅटरी धर

आप्पांच्या वाडीत शिरलं की आधी दिसतात ते पाय. टाचांना भेगा, अंगठ्याला ग्रीस, एका पायात स्लिपर आणि दुसरी मांजराने कुठे नेली ते मांजरालाच ठाऊक. बाकीचे आप्पा जीपखाली असतात. गेल्या नऊ वर्षांत मी त्यांना उभं कमी आणि आडवंच जास्त पाहिलंय. पोस्टमन टपाल पायांपाशी ठेवतो. ठेवताना वाकावं लागतं, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला तो आप्पांच्या पाया पडतोय असं वाटतं.

"कोण आहे?" खालून आवाज येतो.

"मी."

"बरा आलास. बॅटरी धर."

मी पस्तीस वर्षं बँकेत नोकरी केली, दोन मुली उजवल्या, पण रेवदंड्याच्या बाजारपेठेत माझी ओळख 'आप्पांची बॅटरी धरतो तो' एवढीच. काम वाटतं तितकं सोपं नाही. आप्पा जिथे बघतात तिथे उजेड पाडायचा, आणि आप्पा कुठे बघतात ते वरून दिसत नाही.

"अरे, इकडे!"

"इकडे म्हणजे कुठे?"

"मी बघतोय तिकडे!"

आप्पा कुंडलिकेचा पूल ओलांडून साळावच्या कारखान्यात फिटर म्हणून जायचे. निवृत्त झाले, फंडाचे पैसे हातात आले. काकूंच्या मनात स्वयंपाकघराची फरशी होती. आप्पा दुपारी अलिबागला फरशी बघायला म्हणून गेले आणि संध्याकाळी टेम्पोत जीप घालून आले. वाटेत नागावला एका वाडीत चिंचेखाली ती उभी होती. उभी म्हणजे, चारही चाकं मातीत रुतून पोटावर बसलेली. मागच्या सीटच्या जागी अळू फोफावलं होतं. काकूंनी जीपला प्रदक्षिणा घातली, अळू खुडून घेतलं आणि फतफतं केलं. त्या गाडीने या घराला आजवर दिलेला एवढाच परतावा.

पहिल्या रविवारी आप्पांनी मला जीपसमोर उकिडवं बसवलं. "जाळीच्या फटी मोज."

मी मोजल्या. नऊ.

"सात असत्या तर लढाईनंतरची. नऊ म्हणजे लढाईतली! आता खाली वाक. पुढची आडवी दांडी बघ. गोल नळी असती तर विलिज. ही उलट्या पन्हाळीसारखी आहे. म्हणजे फोर्ड!"

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विलिज आणि फोर्ड अशा दोन कंपन्यांकडून मिळून सहा लाखांवर जीपा बनवून घेतल्या. लढाई आटोपल्यावर इकडे राहिलेल्या डिस्पोजलमध्ये निघाल्या. कुणी जंगलात शिकारीला नेल्या, कुणी निवडणुकीच्या प्रचाराला, कुणी नांगराला जुंपल्या. आप्पांची त्यांतलीच एक. तिचं मूळ पेट्रोल इंजिन कुणीतरी केव्हाच काढून तिथे महिंद्राचं डिझेल बसवलं होतं. नंतरच्या कुणीतरी तेही विकून खाल्लं होतं. आप्पांनी घेतली तेव्हा बॉनेटखाली पक्ष्याचं घरटं तेवढं होतं.

फोर्डवाल्यांची एक खोड होती. आपण बनवलेल्या सुट्या भागावर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, ते इंग्रजी एफ उठवायचे. ही बातमी आप्पांना समजली आणि काकूंच्या संसारातून आमसुलांची बरणी गेली. आमसुलाच्या पाण्याने तांब्या लखलखतो, मग बोल्ट का नाही, असा सरळ हिशेब. चार दिवस बुडवून ठेवलेला बोल्ट काढायचा, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासायचा, लुंगीला पुसायचा, चष्मा कपाळावर चढवून उन्हाकडे धरायचा. आधी नुसता काळपट डाग दिसतो. मग त्यातून एका बाजूला कललेला, शेपटी वळवलेला एफ हळूहळू वर येतो. पहिला एफ निघाला त्या दिवशी आप्पांनी आळीत पेढे वाटले. लोकांना वाटलं, मुलीकडे काहीतरी गोड बातमी आहे.

असे एकतीस एफ निघाले. पुढे त्यांतला एक अंगणात वाळत घातलेल्या सुपारीत पडला. सुपारीच्या ढिगाऱ्यात गंजका बोल्ट शोधणं काय असतं, ते शोधल्याशिवाय कळायचं नाही. दोघेही तपकिरी, दोघेही तेवढेच. आम्ही दोन दिवस अख्खी रास एकेक करून चाळली. तिसऱ्या दिवशी काकूंच्या अडकित्त्याला तो सापडला. अडकित्ता नवा घ्यावा लागला. बोल्टला काही झालं नव्हतं. "बघ, त्या काळचं पोलाद!" आप्पा अभिमानाने म्हणाले, आणि काकू आत निघून गेल्या.

पण आप्पांचं खरं वैर रेवदंड्याच्या हवेशी. वाडीच्या मागे आगरकोटाचा तट आणि तटापलीकडे समुद्र. पोर्तुगीजांनी दगड-चुन्यात बांधलेल्या सातखणी मनोऱ्याचे सातही खण या हवेने शिल्लक ठेवले नाहीत, तिथे पत्र्याची काय कथा! दसऱ्याला डावा मडगार्ड खरवडायला घ्यायचा, रेड ऑक्साइड मारायचं, लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा. होळीपर्यंत फिरत फिरत उजव्या मडगार्डापाशी यायचं. तोवर डाव्याला पुन्हा फोड आलेले. शेतकऱ्याला जशी नक्षत्रं तशी आप्पांना जीपची अंगं: स्वातीत बॉनेट, मार्गशीर्षात दारांची पोकळी (दारं मुळात नाहीतच, पोकळीच आहे), माघात मागचा आडवा पत्रा. एकदा त्यांनी निळ्या पिंपात धुण्याच्या सोड्याचं पाणी केलं, त्यात लोखंडी पट्टी टांगली, जीपचं पेडल टांगलं आणि बॅटरी-चार्जरची दोन टोकं दोघांना लावली. पाणी फसफसायला लागलं आणि पेडलचा गंज सुटून खाली बसला. मी थक्क झालो. काकूही थक्क झाल्या, कारण ते पिंप पिण्याच्या पाण्याचं होतं.

जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या माणसांचे दोन पंथ असतात. एक मूळवाले. जे कारखान्यातून निघालं तेच हवं, सहा व्होल्टचा दिवासुद्धा. दुसरे अपग्रेडवाले. डिस्क ब्रेक टाका, पॉवर स्टिअरिंग टाका, बारा व्होल्ट करा, पंजाब-हरियाणाच्या शिवेवर डबवालीला जीपांना कसा साज चढवतात बघा. आप्पा दोन्ही पंथांत आहेत, आठवडा वाटून. पुण्याहून एक मूळवाले जाणकार येऊन गेले की आप्पा आणलेलं नवं वायरिंग पोत्यात भरून माळ्यावर टाकतात. अलिबागचा भाचा येऊन गेला की तेच पोतं खाली येतं. मी एकदा विचारलं, "आप्पा, नक्की ठरलंय काय?"

"जशी होती तशीच ठेवायची," ते म्हणाले. "फक्त चांगली."

2021 च्या जुलैत केंद्र सरकारने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. आप्पांनी ते मला मोठ्याने वाचायला लावले, ते खाली आणि मी स्टुलावर. गाडी पन्नास वर्षांवरची हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. नंबरात व्हीए ही अक्षरं. नव्या नोंदणीची फी वीस हजार. मी पुढे वाचलं की अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला रस्त्यावर आणता येईल, रोजच्या वापराला नाही.

पडवीतून काकूंचा आवाज आला, "मग ह्यांची नऊ वर्षं नियमातच चालली आहेत की!"

काकूंपुढे आप्पांचं एकच अस्त्र आहे, आणि ते रशियन आहे. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा व्यापारी चौलच्या बंदरात उतरला. त्याचं स्मारक आमच्या रेवदंड्यात आहे. इथे घोड्यांना चांगला भाव येतो असं ऐकून त्याने समुद्रमार्गे एक घोडा आणला होता. तो जुन्नरला नेला, तर तिथल्या खानाने घोडा जप्त केला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. एका भल्या खुरासानी माणसाने मध्यस्थी केली म्हणून घोडा सुटला. वर्षभर त्याला पोसून निकितिनने शेवटी बिदरला विकला.

"म्हणजे बघ," आप्पा म्हणतात, "इम्पोर्टेड वाहन आणून ते सांभाळायची परंपरा या किनाऱ्याला साडेपाचशे वर्षांची आहे."

"त्याने शेवटी विकला ना?" काकू म्हणतात.

सहाव्या वर्षी इंजिन आलं. कुर्ल्याच्या भंगारातून, गोणपाटात गुंडाळून, भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने. चार सिलिंडर, सुमारे दोन हजार दोनशे सीसी, उमेदीत साठ घोड्यांची ताकद. या वयात त्यांतले किती घोडे तबेल्यात उरले होते, देव जाणे. ते बसवायला दोन वर्षं गेली. मग मार्गशीर्षात एका सकाळी ते धडधडलं. तटावरचे कावळे उडाले, शेजारच्या गोठ्यातली म्हैस त्या दिवशी आटली. दत्तजयंतीची चौलची जत्रा चालू होती. आप्पांचं दर वर्षीचं बोलणं होतं, "यंदा गाडी जत्रेला." रेवदंड्याहून चौल ते किती लांब! माणूस गप्पा मारत चालत जातो. आप्पांनी जीपला झेंडूची माळ घातली, धुवट सदरा चढवला, पेट्रोलच्या टाकीवर बसले (या जीपची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखालीच असते) आणि मला डाव्या हाताला जायची सवय असल्यामुळे मी आधी त्यांच्याच मांडीवर बसणार होतो. स्टिअरिंग डावीकडे आहे, हे आठ वर्षं बॅटरी धरून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आम्ही निघालो. विहीर ओलांडली, केळी ओलांडल्या आणि फाटकाशी थांबलो.

जीप आणली तेव्हा फाटक नव्हतं, करवंदीच्या कुंपणातली नुसती खिंड होती. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून आप्पांनी चौथ्या वर्षी चिऱ्याचे दोन खांब स्वतः उभे राहून बांधून घेतले होते. आप्पा उतरले. टेप काढला. फाटक पाच फूट. जीप पाच फूट दोन इंच.

मला वाटलं, आता हा माणूस मटकन खाली बसणार. त्यांनी टेप गुंडाळून खिशात घातला. चेहरा परीक्षेत नापास होण्याऐवजी शाळाच बंद निघालेल्या पोरासारखा. "बरंच झालं," ते म्हणाले. "ब्रेक कुठे लागत होते!" आणि सदरा काढून, माळ खांबाला अडकवून, तिथेच फाटकात गाडीखाली शिरले. जत्रेतून बत्तासे काकूंनीच आणले. रिक्षाने. गवंड्याला सांगून ठेवलंय. दिवाळीनंतर बघू म्हणतो. कुठली दिवाळी ते आप्पांनी विचारलेलं नाही.

परवा मृगाच्या सरी आल्या आणि नेमाप्रमाणे लाइट गेली. मी बॅटरी धरून उभा होतो, तिचेही सेल संपले. आता सुटका झाली असं समजून मी चपला शोधू लागलो. "थांब," आप्पा म्हणाले. चाचपडत जीपच्या तोंडाशी गेले, बॉनेट वर केलं, हेडलाइटमागचा दोन कानांचा नट बोटांनी सैल केला आणि अख्खा दिवा उलटा फिरवला. रस्त्याकडे पाठ, इंजिनाकडे तोंड. मग दुसरा. रात्री-अपरात्री दुरुस्ती करता यावी म्हणून या जीपांचे दिवे तसे फिरवता येतात. नऊ वर्षं ही गोष्ट त्यांनी मला सांगितली नव्हती. बटण ओढलं. सहा व्होल्टचा तो पिवळा प्रकाश, निरांजनाहून थोडा बरा, पण इंजिनाची एकेक नळी, एकेक एफ त्यात उजळून निघाला. सगळ्या आळीत अंधार आणि आप्पांच्या मांडवात तेवढी जीप स्वतःच्याच पोटात बघत उभी. पोरं धावत आली. पावसात उभं राहून सगळे गप्प बघत होते.

काकू डोक्यावर इरलं घेऊन पडवीच्या पायरीपर्यंत आल्या. बराच वेळ त्यांनीही बघितलं.

"पाडलात एकदाचा उजेड!" त्या म्हणाल्या. "आता ताटं इथेच वाढू का?"