आदपाव आटा

नायट्रोवाला गाडी चालवतो, असा लोकांचा समज आहे. हातात रिमोट, समोर मातीनं माखलेली, धूर सोडणारी दीड फुटाची गाडी, म्हटल्यावर समज होणारच. प्रत्यक्षात तो गाडी ट्यून करतो. चालवणं म्हणजे ट्यूनिंग नीट झालं की नाही हे बघायची त्याची एक पद्धत, आणि त्याच्या मते ती फारशी भरवशाचीही नाही.

पुण्यात हा प्राणी रविवारी सकाळी शहराबाहेरच्या एखाद्या एनए न झालेल्या प्लॉटवर आढळतो. शहराबाहेर, कारण शहरातल्या मैदानांवरून त्याला सोसायटीवाल्यांनी, जॉगिंगवाल्यांनी आणि क्रिकेटवाल्यांनी आळीपाळीनं हाकललेलं असतं. वय पन्नाशीच्या पुढे. खांद्यावर काळं पडलेलं फडकं, खिशात बारीक स्क्रूड्रायव्हर, बोटांना एरंडेलाचा वास. लहानपणी एरंडेलाचा चमचा दिसला की पलंगाखाली लपणारी ही पिढी. आता इंधनातल्या वंगणात तेच एरंडेल असतं आणि हा डोळे मिटून धूर हुंगतो.

पहिल्या भेटीत तो इंजिनाची माहिती देतो. दुसऱ्या भेटीत तीच पुन्हा देतो. इंजिन साडेतीन सीसीचं, म्हणजे चहाच्या चमच्यात याहून जास्त मावतं. मिनिटाला तीस हजारांवर फेरे. स्प्लेंडर सत्त्याण्णव सीसीत आठेक हॉर्सपॉवर देते आणि या चमच्यातून कंपन्या दोनहून अधिक काढून दाखवतात. "करा हिशेब," असं म्हणून तो थांबतो. आपण हिशेब करेपर्यंत थांबतो.

यात पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, तेल आणि नायट्रोमिथेन. नायट्रोचं प्रमाण सोळा टक्क्यांपासून तीस टक्क्यांपर्यंत, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेत जास्त इंधन जाळता येतं. स्पार्क प्लगही नाही. त्याच्या जागी ग्लो प्लग, त्यात प्लॅटिनमच्या तारेचं इवलंसं वेटोळं. सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलनं ते तापवायचं. पुढे मिथेनॉलची प्लॅटिनमशी होणारी क्रिया आणि कॉम्प्रेशनची उष्णता यांवर ते आपलं आपण लाल राहतं. रे आर्डेन नावाच्या अमेरिकनानं हा प्लग 1947 साली बाजारात आणला. त्या साली आणखी काही घडलं होतं का, असं नायट्रोवाल्याला विचारलं तर तो प्रामाणिकपणे विचारात पडतो.

पण ही सगळी प्रस्तावना. त्याचा खरा जीव कार्बोरेटरवरच्या तीन स्क्रूंमध्ये. हाय स्पीड नीडल, लो स्पीड नीडल आणि आयडल. नीडल आत फिरवली की इंधन कमी, मिश्रण लीन. बाहेर फिरवली की इंधन जास्त, मिश्रण रिच. रिच असलं की इंजिन गुरगुरतं, भसाभस धूर सोडतं, पळायला कुरकुर करतं. लीन करत जावं तसा आवाज चढतो, गाडी सुसाट सुटते आणि मालकाची बुद्धी फिरते. कारण वंगण इंधनातच मिसळलेलं असतं. इंधन कमी म्हणजे तेलही कमी. इंजिन सर्वांत गोड गातं ते जळायच्या जरा आधी. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी एक जागा आहे, आणि त्या जागेच्या शोधात नायट्रोवाल्याचे रविवार जातात.

शोधायचं माप म्हणजे आदपाव आटा, पूर्ण फेऱ्याचा आठवा हिस्सा. पाव आटा फिरवणं त्याला उतावळेपणाचं वाटतं. एकदम अर्धा आटा फिरवणाऱ्याशी तो त्या दिवसापुरता बोलणं बंद करतो. आदपाव आटा आत, एक चक्कर, कान देऊन ऐकणं, मान हलवणं, आदपाव आटा बाहेर. सकाळी आठला नीडल जिथे होती तिथेच ती दुपारी बाराला परत येते, पण तो मात्र समाधानी दिसतो.

शेजारी एक शाळकरी पोरगा इलेक्ट्रिक गाडी घेऊन येतो. बटण दाबतो, गाडी सुटते.

"काका, तुमची सुरू होत नाही का?"

"सुरूच आहे रे. आयडल बसवतोय."

पोरगा मनसोक्त फिरवतो, बॅटरी उतरवतो, वडापाव खातो, दुसरी बॅटरी लावून परत येतो.

"अजून आयडलच?"

"आयडल झालं. आता हाय स्पीड." आणि पोरगा लांब गेल्यावर आपल्याकडे वळून, "बटण दाबलं की फिरतं त्याला इंजिन नाही म्हणत. त्याला मिक्सर म्हणतात."

दोन नायट्रोवाले एकत्र आले की बघण्यासारखं असतं. एकच आवाज दोघं ऐकतात. एक म्हणतो लीन आहे, दुसरा म्हणतो रिच आहे. मग कार्बोरेटरकडे जाणारी इंधनाची नळी चिमटीत दाबून बघायची. आयडलवरचं इंजिन किंचित चढून दोन-तीन सेकंदांत बंद पडलं तर लो स्पीड नीडल जागेवर. ते तसंच बंद पडतं, पण "दोन सेकंद" आणि "तीन सेकंद" यावर नवा वाद उभा राहतो. मग हेडवर पाण्याचा थेंब टाकायचा. चर्रकन उडाला तर इंजिन फार तापलंय, नुसताच बसून राहिला तर थंड आहे. शेवटी इन्फ्रारेड थर्मामीटर निघतो. 2020 साली ही बंदूक प्रत्येक वॉचमनच्या हातात आली, पण याच्याकडे ती आधीपासून होती आणि शंभरच्या वर दाखवायची. एकशे बारा अंश, म्हणजे अगदी ठीक. त्यावर दुसरा म्हणतो, "तुझा थर्मामीटर जास्त दाखवतो." इतकं होऊनही दुसऱ्याच्या नीडलला स्क्रूड्रायव्हर कोणी लावत नाही. तेवढी सभ्यता या जमातीत शिल्लक आहे.

हवामानाच्या बाबतीत तो शेतकऱ्याइतकाच गंभीर. डिसेंबरातल्या पुण्यात सकाळी बारा अंश, दुपारी तीस. गार हवा दाट, तिला इंधन जास्त लागतं. ऊन चढलं की हवा विरळ, मग लीन करा. सिमला ऑफिसचं, म्हणजे वेधशाळेचं, तापमान तो बायकोचा निरोप वाचण्याआधी बघतो. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. मुंबईत बसवलेली गाडी घाट चढून आली की पुण्याच्या विरळ हवेत रिच होते, गुरगुरते. मुंबईकर म्हणतो, तुमच्या पुण्यात काहीच पहिल्या झटक्यात सुरू होत नाही. पुणेकर काही बोलत नाही. आदपाव आटा आत फिरवून देतो आणि पुढची दोन वर्षं ही गोष्ट सांगत राहतो.

घरी त्याची कीर्ती वेगळी. नव्या इंजिनात पिस्टनला रिंग नसते. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते आणि पिस्टन तिथे गच्च बसतो. थंड असताना ओढलं तर स्टार्टरची दोरी हातात येते, म्हणून इंजिन आधी गरम करायचं. त्यासाठी घरात सर्वांत सोयीचं साधन म्हणजे हेअर ड्रायर. लग्नाच्या मुहूर्ताला निघताना ड्रायर सापडत नाही, आणि सापडतो तेव्हा त्याला मिथेनॉलचा वास येतो. जुन्या इंजिनावर जळक्या एरंडेलाचा चॉकलेटी थर चढतो. तो काढायला इंजिन गाडीच्या कूलंटमध्ये मंद आचेवर तासन्‌तास ठेवायचं, ही जुनी रीत.

"अहो, माझं ते जाड बुडाचं पातेलं कुठंय?"

"ते आता वापरू नकोस. कूलंट विषारी असतं."

"मग तुम्ही कशाला वापरलंत?"

याचं उत्तर कुठल्याच नायट्रोवाल्याला आजवर देता आलेलं नाही.

हाच माणूस गॅस बंद करायला विसरतो, पण प्लॉटवरून परतताना एक विधी चुकवत नाही. टाकीतलं उरलेलं इंधन जाळून संपवायचं, कारण मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि बेअरिंग गंजतात. मग इंजिनात आफ्टर-रन ऑइलचे थेंब सोडून फ्लायव्हील फिरवायचं. शेवटी पिस्टन खाली आणून ठेवायचा, म्हणजे थंड होताना स्लीव्ह त्याला आवळणार नाही. यासाठी त्यानं फ्लायव्हीलवर लाल रंगाची खूण केलेली असते. मुलांच्या वाढदिवसांना अशी खूण नसते.

मला विचाराल तर यात वेडेपणापेक्षा विस्थापितपणा जास्त आहे. याच्या तरुणपणी चेतकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल मिसळावं लागे. राजदूत, येझदी, आरएक्स हंड्रेड, कशाचाही स्क्रू याच्या हाताखालून गेला की आयडल बसायचंच, आणि गल्लीतली पोरं त्यासाठी रांग लावायची. मग 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सिक्स आलं आणि बहुतेक नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर गेला. आता गाडी बिघडली की मेकॅनिक स्कॅनर जोडतो आणि पडद्यावर आकडा वाचतो. ऐकण्यासारखं काही उरलं नाही. कानाची ही विद्या घेऊन माणसानं जायचं कुठं? खेळण्यातल्या गाडीत एक कार्बोरेटर शिल्लक होता, तिथे हा गेला. लोक म्हणतात, उतारवयात पोरकट झाला. मला तो बदली झालेला कारागीर वाटतो.

अर्थात याचा फार कळवळा करू नये, कारण त्याला स्वतःला तो अजिबात नाही. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल आणि त्यानं रविवारी बोलावलं, तर जरूर जा. वारा पाठीवर घेऊन उभे राहा, नाहीतर घरी जाऊन शर्टाचा खुलासा करावा लागेल. चपला नकोत, बूट घाला. साडेतीन किलोची गाडी नडगीवर आली तर बोलण्याची इच्छा राहत नाही. इलेक्ट्रिकचा विषय काढू नका. डबा बरोबर न्या, दुपारशिवाय सुटका नाही. आणि कधी गाडी खरोखरच अप्रतिम पळाली, धुराची बारीक रेघ सोडत कोपरा कापून गेली, तर वाहवा करू नका, गप्प राहा. तुम्ही तोंड उघडलंत की तो गाडी थांबवेल, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढेल आणि म्हणेल, "थांबा, अजून आदपाव आटा जागा आहे."