वरून दबाव हवा

चामोर्शीत पाण्याच्या नावानं रडायची सोय नाही. वैनगंगा शेजारी. मार्कंड्याला महादेवासाठी ती चक्क उत्तरेकडे वळली. पावसाळ्यात चिचडोह बॅरेजचे दरवाजे उघडले की काठच्या गावांना सावध राहायला सांगतात. आमच्या बेसिनच्या नळासाठी असा इशारा द्यायची वेळ कधी आली नाही. त्याच्याखाली साबण धुवून होईपर्यंत दाढी पुन्हा उगवायची.

धार बारीक झाली की माणूस आधी दूरचा गुन्हेगार शोधतो. आईच्या मते नदीच आटली असणार. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी शास्त्र काढलं: टाकीतलं पाणी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तर साधारण एक बार दाब मिळतो, आणि तुमची टाकी जेमतेम तीन मीटरवर. ‘‘वरून दबाव आल्याशिवाय इथं काही हलत नाही जी,’’ असा समारोपही केला. नोकरी त्यांची सरकारी होती. भाच्यानं सगळे पाईप उपटायचा सल्ला दिला, कारण जुन्या लोखंडी पाईपात गंज आणि क्षार साचून व्यास निम्मा झाला की आतली वाट चौथाईच उरते. मेहुण्यांनी मोटर सुचवली. ते प्रत्येक प्रश्नावर मोटरच सुचवतात.

एवढं ज्ञान घरात साचल्यावर स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, ‘‘अहो, पण मोरीतला नळ तर धो धो चालू आहे.’’

सभा बरखास्त. नदी, टाकी, दाब, सगळं दोन्ही नळांना सामाईक. सगळेच नळ मंदावले तर टाकीखालचा वॉल बघावा किंवा पाईपात हवा अडकली आहे का ते पाहावं. फक्त गरम पाणी मंद असेल तर गिझरची बाजू तपासावी. एकच नळ मंद असेल तर दोष त्याच्याच पोटात किंवा तोंडात. आमच्याकडे तोंडात निघाला. प्लंबरनं तोटीच्या टोकाची जाळी फिरवून काढली, हातावर आपटली. पांढऱ्या क्षाराचे खडे पडले आणि त्यांच्यासोबत टेफ्लॉन टेपचा एक तुकडा.

‘‘काकाजी, मागच्या वेळी नळ कोणी बसवला होता जी?’’ त्यानं तुच्छतेनं विचारलं.

‘‘तूच.’’

तो लगेच जाळीवर चढलेल्या क्षाराकडे वळला. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, नाहीतर लिंबाच्या रसात, म्हणाला, आणि मजुरी निम्मी घेऊन गेला. दबाव खालूनही चालतो.

आता बेसिनला अशी धार येते की शर्ट बदलावा लागतो. भाचा दात घासताना नळ उघडाच ठेवतो, टाकी दुपारीच तळ गाठते आणि मेहुणे जिंकले: दिवसातून दोनदा मोटर लावावी लागते.