प्लीज फाइंड एन्क्लोज्ड पोहे

बोरिवली पश्चिमेला प्रत्येक सोसायटीत एक नाना असतातच. निवृत्त, पेन्शन सुरू, आणि आयुष्यात फाडफाड इंग्रजी बोलायचं तेवढं राहून गेलेलं.

आमच्या नानांना इंग्रजी येत नाही असं म्हणायची कुणाची छाती नाही. पाचवीत एबीसीडी, मग तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि पुढे जन्मभर गोदीतली कारकुनी. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. हा निर्णय चांगला चाळीस वर्षं उशिरा झाला, असं नानांचं ठाम मत आहे. अडचण एवढीच, की त्यांचं सगळं इंग्रजी आवक-जावक रजिस्टरातलं. घरी गेलं की बशी पुढे सरकवत म्हणतात, ‘‘प्लीज फाइंड एन्क्लोज्ड पोहे.’’ आपण खायला उशीर केला तर पाच मिनिटांनी तोंडी स्मरणपत्र : ‘‘काइंडली डू द नीडफुल.’’

यूट्यूबवरच्या कुणा मॅडमनी त्यांना सांगितलं, संभाषणाची सुरुवात हवेपासून करावी. विलायतेत ठीक आहे. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने घाम, त्यात बोलणार काय? पण नाना जिन्यात भेटेल त्याला ‘‘टुडे इज व्हेरी ह्युमिड, नो?’’ म्हणतात. जानेवारीतसुद्धा. वॉचमन ‘‘हां साब’’ म्हणून गेट उघडतो.

मॅडमचा दुसरा धडा : समोरच्याचं उत्तर आलं की त्यातूनच पुढचा प्रश्न काढायचा. प्रयोग नातवावर. नातू इंग्रजी माध्यमाचा.

‘‘हाऊ वॉज युवर डे?’’

‘‘फाइन.’’

‘‘व्हाय फाइन?’’

नातू मोबाइलमधून मान वर काढून आजोबांकडे बघत राहिला. बिचाऱ्याला कुठल्याच शाळेत हे शिकवलेलं नव्हतं.

तिसरा धडा मेट्रोत. अनोळखी माणसाला ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असंच काहीतरी विचारावं, म्हणजे घाबरायला होत नाही. अंधेरीच्या मेट्रोत बसायचं आणि शेजारच्या पोराला विचारायचं, ‘‘एक्स्क्यूज मी, इज धिस ट्रेन गोइंग टू अंधेरी?’’ डोक्यावर पाटी आहे, तीन भाषांत घोषणा होतेय. पोरगा एका कानातलं काढतो, ‘‘हो काका,’’ म्हणतो आणि परत कानात घालतो. पूर्वीच्या लोकलच्या ग्रुपमध्ये निदान कुणीतरी शेंगा तरी पुढे केल्या असत्या.

खरी साथ मिळाली ती कस्टमर केअरची. मराठीसाठी एक, हिंदीसाठी दोन. नाना ठरवून इंग्रजीचं बटण दाबतात. तक्रार काहीही नसते. तिकडची मुलगी शेवटी विचारते, आणखी काही मदत करू का? ती हे प्रत्येकाला विचारते, पण नानांना आजवर इतक्या आपुलकीने कुणी विचारलेलंच नाही. ‘‘येस, येस. हाऊ इज द वेदर अ‍ॅट युवर एंड?’’ परवा तिकडून जरा थांबून उत्तर आलं, ‘‘काका, मी मुलुंडची. उकडतंयच.’’ नाना नंतर दिवसभर खूश होते. भाषा बदलली, पण गप्पा तर झाल्या.

आता माझं निरीक्षण. मराठीत नाना तुसडे आहेत. मराठीतून ‘‘चहा!’’ एवढंच ओरडतात, आणि पार्किंगवरून कुणाची आई-बहीण काढायची ती अर्थातच मातृभाषेत. इंग्रजीत मात्र माणूस लोण्यासारखा. प्लीज काय, सॉरी काय. मॅडमच्या धड्यापायी त्यांनी एका संध्याकाळी काकूंनाही विचारलं, ‘‘हाऊ वॉज युवर डे?’’

काकूंनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग मराठीत सगळं सांगितलं : मेथीची जुडी कितीला, गुडघा कुठल्या बाजूने दुखतो, नणंद फोनवर काय बोलली. नानांकडे पुढचा प्रश्न एकच होता, ‘‘अँड देन?’’ तो पुरला. काकू पाऊण तास बोलत होत्या.

तेव्हापासून त्या घरात नवा नियम लागू आहे. मागच्या रविवारी मी गेलो, नाना सवयीने ‘‘चहा!’’ म्हणून ओरडले. आतून काहीच हालचाल नाही. नानांनी घसा साफ केला, ‘‘मे वुई हॅव सम टी, प्लीज?’’

‘‘ठेवते हो,’’ काकू म्हणाल्या, ‘‘आणि पाहुण्यालाही म्हणावं, इंग्रजीत माग.’’