शर्करा खात्याचे भाऊसाहेब

मार्गशीर्ष लागला, निफाडच्या द्राक्षबागाईतदाराने जिला थंडी म्हणण्यास साफ नकार दिला असता ती पनवेलची थंडी पडू लागली, आणि खांदा कॉलनीचे रस्ते अद्याप झोपेत असताना माकडटोपीवर हेल्मेट, हेल्मेटवर दिवा आणि कमरेला बटवा असा सरंजाम करून, समोर चिटपाखरू नसतानाही सायकलची घंटा वाजवीत एखादा साठीपलीकडचा गृहस्थ खांदेश्वराच्या तलावावरून निघालेला दिसला, म्हणजे तो शर्करा खात्याचा भाऊसाहेब होय, असे खुशाल समजावे.

हा मनुष्य महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला असतो. झालेला नसला तरी वागतो तसाच. निवृत्तीनंतर टेबल गेले, शिक्का गेला, दाराशी खोळंबणारे अर्जदार गेले, आणि अशा निराधार अवस्थेत एके दिवशी रक्ततपासणीचा कागद हाती येऊन त्यावर ‘एचबीएवनसी’ या रकान्यापुढे आठाच्या वरचा आकडा आढळला, तेव्हा घरची मंडळी चिंताक्रांत झाली. याच्या मुद्रेवर मात्र नेमणुकीचा हुकूम मिळालेल्या उमेदवाराचे तेज चढले. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून त्यांना चिकटलेली साखर मागल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, एवढे डॉक्टरांनी समजावताच त्याने तो त्रैमासिक ताळेबंद ठरविला. रोजकीर्द ग्लुकोमीटर पुरवितो. उपाशीपोटीचा आकडा निळ्या शाईने, जेवणानंतर दोन तासांचा तांबड्या शाईने, आणि संक्रांतीच्या गुळपोळीपासून माघातल्या पोपटीपर्यंत जे जे काही आग्रहास्तव पोटात गेले, ते ‘अनधिकृत जमा’ या स्वतंत्र सदराखाली नोंदले जाते. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा त्याने मोजून खाल्ल्या, हे खरे. परंतु मोजणी कितीदा झाली, याविषयी दप्तर मौन पाळते.

सायकल ही त्याची वसुलीची यंत्रणा. श्रम करणारा स्नायू इन्सुलिनच्या परवान्याची वाट न पाहता रक्तातील साखर परस्पर उचलतो, हे शास्त्रीय सत्य त्याच्या कायदेशीर मनास प्रथम फार झोंबले होते. विनापरवाना उचल! पण लोकहितास्तव त्याने ती कायम केली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे हा जणू सरकारी सारा समजून तो हप्त्याहप्त्याने भरू लागला. रात्री निजण्यापूर्वी आरसा धरून तळपायांची पाहणी होते. मधुमेहात पायाची जाणीव मंदावली तर बुटाने पाडलेला फोड कळत नाही, म्हणून ही दक्षता, आणि ती अगदी रास्त आहे.

मार्गही ठरलेला. पनवेल ओलांडून पळस्पे फाटा, तेथून गोवा रस्त्याने शिरढोण. १८४५ साली या गावी जन्मलेले आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके हे पुण्यास लष्करी हिशेब खात्यात कारकून होते, ही गोष्ट भाऊसाहेब बरोबरच्या प्रत्येकास अशा आवाजात सांगतात की, इंग्रजी सत्तेविरुद्धचे बंड हा हिशेबनिसांच्या परंपरेचाच एक भाग होता अशी ऐकणाऱ्याची समजूत व्हावी. 

परतीच्या वाटेवर पळस्पे फाट्याशी मात्र हमखास काहीतरी होते. बोटे थरथरतात. थंडीने की साखर उतरल्याने, हा वाद उभा राहताच भाऊसाहेब सायकल कडेला लावतात, गारठलेले बोट चोळचोळून ऊब आणतात, सुई टोचून थेंब काढतात आणि दोन इसमांसमक्ष आकडा वाचतात. तो सत्तरच्या खाली निघाला, की त्यांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता उमटते तिला तोड नाही. कारण मधुमेह्यास साखर खाण्याचा हा एकमेव कायदेशीर प्रसंग. बटव्यातून पुडी निघते, १५ ग्रॅम साखर जिभेवर विराजमान होते, १५ मिनिटे थांबून फेरतपासणी होते. जेवणास अवकाश असल्यास त्यानंतर थोडे खावे, या वैद्यकीय कलमाचा अर्थ लावण्याचा अधिकार मात्र ते स्वतःकडे ठेवतात, आणि फाट्यावर वड्याचा घाणा नुकताच उतरलेला असतो.

“अहो, तुमची साखर नेमकी पळस्प्यालाच कशी हो उतरते?” असे घरी विचारले जाते.

“तो स्थळपाहणीचा विषय आहे,” एवढेच उत्तर मिळते.

गंमत अशी की, एवढ्या दप्तरदिरंगाईतून कामही चोख होते. फाल्गुनात ताळेबंद निघाला तो सातच्या आत. डॉक्टर खूश झाले. पळस्प्याच्या नोंदी वाचून म्हणाले, साखर फार खाली ओढणारी ती सकाळची गोळी आता अर्धी करू. दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. भाऊसाहेब उतरल्या चेहऱ्याने घरी आले, औषधांचा डबा उघडून बराच वेळ पाहत राहिले, आणि खात्यातील निम्मी पदे एका सहीने रद्द करणाऱ्या त्या निर्णयाविरुद्ध वरिष्ठांकडे अपील करता येते काय, याची चौकशी त्यांनी त्याच संध्याकाळी सुरू केली.