‘वेळच वेळ’ : अध्यक्षकाकांस व तत्सम सर्वांस खुले पत्र

हौशी सायकलस्वार हा वसई-विरार पट्ट्यात पहाटे 5 ते 7 या वेळेत आढळणारा नोकरदार प्राणी होय. उरलेला दिवस तो इतर नोकरदारांसारखाच असतो, म्हणजे विरार लोकलमध्ये असतो. चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे 60 किलोमीटर. साडेनऊला कचेरीत टेकायचे तर सव्वासातला घर सोडावे लागते आणि परतायला रात्रीचे साडेआठ होतात. सव्वातेरा तास इथेच संपले. राहिलेल्या पावणेअकरात जेवणखाण, मुलीचे गणित, आईच्या गोळ्या, गॅसचा नंबर, टँकरवाल्याशी हुज्जत आणि झोप. यातून सायकलला दोन तास कुठून मिळतात याचे उत्तर एका शब्दाचे आहे : झोपेतून. दहाला दिवा मालवायचा, साडेचारला गजर. लग्नाच्या स्वागतसमारंभातून साडेनऊला उठून जाणारा आणि त्यामुळे ‘फार शिष्ट झालाय’ म्हणून ओळखला जाणारा माणूस तो हाच.

ही माहिती सोसायटीच्या अध्यक्षकाकांपर्यंत पोचलेली नाही, असे गेल्या सप्टेंबरात दिसून आले. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. म्हणून ती एखाद्या रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून उरकली जाते. वेळ साडेदहाची होती. 10 वाजून 32 मिनिटांनी सायकलस्वार हेल्मेट काखेत धरून हजर झाला, तेव्हा तिथे अध्यक्षकाका, सेक्रेटरी आणि एका खुर्चीत झोपलेले मांजर एवढेच सभासद होते. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली. अकरानंतर मंडळी उतरू लागली. एकाला रेल्वेच्या ब्लॉकमुळे उशीर झाला, एकाचा डोळा लागला, एकाला मटणाच्या रांगेत थांबावे लागले. तिन्ही कारणे सभेने मान डोलावत ऐकली. मग खजिनदारपदाचा विषय निघाला आणि सर्वांच्या नजरा छताच्या गळतीकडे वळल्या. तेव्हा अध्यक्षकाका म्हणाले, “अहो, ह्याला करा. ह्याला काय, वेळच वेळ! रोज दोन-दोन तास सायकल फिरवतो.” टाळ्या पडल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. मोजणीत मांजरही धरले असावे.

या विधानामागे एक सिद्धान्त आहे. झोप, मटण, क्रिकेटचा सामना आणि मालिका यांत गेलेला वेळ हा गेलेला वेळ असतो; सायकलवर गेलेला वेळ मात्र शिल्लक असतो आणि तो इतरांनी वाटून घ्यायचा असतो. चुलतभावाला नोंदणी कार्यालयात रांगेला माणूस हवा असतो, मावशीला डोळे तपासायला सोबत हवी असते, मेहुण्याला फर्निचर उतरवायला दोन हात हवे असतात. आणि सगळीकडे एकच नाव सुचते. अध्यक्षकाका स्वतः रोज साडेपाच ते साडेसात सोसायटीच्या ग्रुपवर दव पडलेल्या गुलाबांची चित्रे पाठवतात. त्या दोन तासांचा हिशेब आजवर कोणत्याही सभेत मागितला गेलेला नाही. इथे संदर्भग्रंथाचा संयम बाजूला ठेवून नोंदवावे लागते, की पहाटेचे ते दोन तास कुणाच्या बापाचे नाहीत. ते घरच्यांचे नाहीत, कचेरीचे नाहीत, संस्थेचे तर नाहीतच. डोळ्यांतली झोप मोडून ते घेतलेले आहेत आणि त्यांची किंमत रोज दुपारी तीनला जांभयांनी चुकती होते.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. ‘गाडी विकलीत का?’ नाही. ‘एवढ्या पैशांत मोटरसायकल आली असती.’ आली असती. ‘ती घट्ट चड्डी कशाला?’ मऊ बैठकीसाठी, आणि तिच्याकडे पाहण्याची सक्ती नाही.

एक गैरसमज मात्र थोडा समजावून सांगण्यासारखा आहे, तो बक्षिसाचा. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये ब्रेव्हे नावाचा प्रकार असतो. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत. नियम पॅरिसच्या एका क्लबचे. शर्यत नसते, पहिला-दुसरा नसतो. पदक हवे असल्यास त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात. हे ऐकून अध्यक्षकाकांनी केलेला चेहरा छापण्याची सोय या पत्रात नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघातून पूर्ण केली. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. त्यांनाही कुणीतरी वेळच वेळ असल्याचे सांगितले असणार.

वसई-विरारमध्ये मात्र अमेरिकेची गरज पडत नाही. महामार्ग ट्रकवाल्यांना लखलाभ. सायकलस्वार पश्चिमेला वळतो. गिरीज, भुईगाव, निर्मळ, आगाशी, अर्नाळा, आणि त्याच वाटेने परत : साधारण 35 किलोमीटर. 2009 मध्ये चार नगरपालिका आणि 53 ग्रामपंचायती एकत्र करून इथे महानगरपालिका झाली खरी, पण पहाटे पाचला हा पट्टा अजून ग्रामपंचायतीच्याच घड्याळावर चालतो. केळीच्या वाडीतून गार हवा अंगावर येते, वळणावर कुत्री आपापली हद्द सांभाळून भुंकतात, अर्नाळ्याकडून माशांच्या पाट्या भरलेला टेम्पो वास मागे सोडत जातो. निर्मळजवळ पाववाला भेटतो. त्याच्या कॅरिअरला पावांचे निळे प्लास्टिक बांधलेले असते, हँडलला पिशव्या, आणि चेन दर फेऱ्याला एकदा ‘टक्’ करते. सायकल त्याचीही चालते, रोज, पावसातही. त्याला मात्र एवढा वेळ कसा मिळतो, हे कुणी विचारत नाही.

अध्यक्षकाकांच्या ‘वेळच वेळ’चे मूळ पोटापाण्यासाठीच्या अशाच सायकलीत आहे. सभेनंतर खुर्च्या गोळा करताना ते बोलता बोलता सांगून गेले. आगाशीहून विरार स्टेशन, काळी उंच सायकल, बावीस वर्षे. पायजम्याला क्लिप, पावसात कचेरीचे कपडे डब्याच्या पिशवीत, स्टँडवाल्याशी सुट्ट्या पैशांची भांडणे. एकदा रात्रीच्या शेवटच्या गाडीने आले तर सायकल पंक्चर. घरापर्यंत ढकलत नेली. स्कूटर घेतली त्या दिवशी त्यांनी आळीत पेढे वाटले आणि सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली. ज्याने ती सुटावी म्हणून बावीस वर्षे हप्त्यांचा विचार केला, त्याच्यासमोर एखादा चारचाकीवाला पहाटे उठून पुन्हा पेडल मारू लागला, तर त्याला तो रिकामटेकडाच वाटणार. हे समजल्यावर खजिनदारावरचा अन्याय कमी होत नाही. राग मात्र पूर्वीइतका धारदार राहत नाही.

त्याच दिवशी त्यांनी सायकलचे मागचे टायर अंगठ्याने दाबून पाहिले, दांडी धरून ती एका हाताने उचलली, खाली ठेवली आणि म्हणाले, “घंटी कुठाय हिला?”

घंटी आता बसवली आहे. खजिनदारपदाचा राजीनामा या पत्रासोबत जोडला आहे, तो स्वीकारावा. अध्यक्षकाकांच्या मागच्या खोलीत त्यांच्या थोरल्या मुलीची जुनी सायकल पडून आहे, ती त्यांनी रविवारी पहाटे 5 वाजता गेटपाशी आणावी. निर्मळपर्यंतच जायचे आहे. हवा आदल्या संध्याकाळी भरून घ्यावी. पहाटे दुकान उघडे नसते.